हीटरस्थापना आणि हुजूरांचा हात

श्रीवरुण वाळूशिंपल्यांसह प्रसन्न असो. ज्याने काचेत पाणी कोंडिले आणि पाण्यात जीव कोंडिला त्यास आधी नमस्कार, उरल्यासुरल्यांस मागाहून. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, पौष मासी कोणे एके दौलतीत वर्तमान वर्तले ते ऐसे.

हुजूरांचे उशाशी काचेचा लहानसा हौद होता, पंचवीस लिटरांचा, आणि त्यात झुंजारराव नामे निळा फायटर मासा एकटाच नांदत असे. तो कैलासवासी राणीसाहेबांचा. त्यांनी जाते समयी हौदनीस अंतोबा यांस जवळ बोलावून 'याला थंडी वाजू देऊ नका' इतकेच सांगितले आणि डोळे मिटले. आणि हुजूरांनी पुस्ती जोडिली की, झुंजारराव गार जाहले तर अंतोबानेही त्याच दिवशी गार व्हावे. मग पौषात थंडी ऐसी पडली की झुंजाररावांनी वाळूवर अंग टाकिले, पंख मिटिले आणि अन्नास तोंड लावीनात. मग दरबार भरला आणि हीटर घ्यावा ऐसे ठरले, आणि दिवाण फत्तेसिंगराव बोलिले की दौलतीचे इतमामास तीनशे वॉटांखाली काही शोभणार नाही. अंतोबा मान डोलवून पेठेत गेले. दुकानदाराने पाणी किती ते विचारिले, आणि ऐकून म्हणाला, "मग पन्नास वॉट डोक्यावरून पाणी. तीनशेचा नेलात तर कालवण होईल, हौदनीस. मीठ तेवढं घरून घाला." अंतोबांनी पन्नासाचा घेतला आणि किनखापाचे म्यानात घालून आणिला, तेणेकरून मोठा दिसला आणि दिवाणजी संतोष पावले. मग फिल्टरचे पाणी जेथे वाहते तेथे हीटरची नळी पूर्ण बुडवून बसविली, आणि काच पाण्यास सरावेतो थांबून बटण दाबिले, आणि चकती सव्वीस अंशांवर ठेवून समोरचे काचेस थर्मामीटर लाविला. तांबडा दिवा लागला. झुंजारराव उठोन फिरू लागले.

परंतु त्या दौलतीची रीत ऐसी की, ऊन कोणते आणि गार कोणते हे हुजूरांचे हातास विचारावे. हुजूरांनी तळवे चोळिले की दरबाराने शाली घ्याव्या, मग वैशाख का असेना. त्याप्रमाणे सकाळी हुजूरांनी पाण्यात हात घातला आणि आज्ञा जाहली की कढत आहे, उतरवा. थर्मामीटर सव्वीसच सांगत होता. अंतोबांनी एकवार काचेकडे, एकवार हुजूरांकडे पाहिले आणि रीतीप्रमाणे चकती उतरविली. दुसरे सकाळी पुन्हा तेच, आणि तिसरे सकाळी भाजते म्हणाले. ऐसे करिता करिता पारा विसावर आला, तांबडा दिवा लागेनासा जाहला आणि झुंजारराव कुशीवर आडवे जाहले. आणि त्याच सकाळी हुजूरांचा हात पुसता पुसता अंतोबांचे ध्यानी आले की हात पाण्याहून गार आहे. त्यांनी टॉवेलाआडून नाडी पाहिली, ती सापडली नाही. दुसऱ्या मनगटाची पाहिली, तीही नव्हती. वर पाहतात तो हुजूर त्यांचेकडेच पाहत होते, आणि पापणी लवत नव्हती.

अंतोबा तसेच राजवैद्यांकडे गेले. वैद्यांनी दार लोटून घेतले.

"तुम्हांला आज कळलं होय? राणीसाहेब गेल्या त्याच आठवड्यात मी हुजूरांची नाडी पाहिली. नव्हती. इतक्यात हुजूरांनी विचारलं, प्रकृती कशी आहे. मी म्हटलं, उत्तम. आता शब्द फिरवायचा कसा?"

दिवाणजींसही हे ठाऊक होते. परंतु सह्या होत होत्या, नजराणे येत होते, आणि ऐसे वर्तमान कोणी कोणास कळवावे याची रीत दौलतीत नव्हती. मग अंतोबा माघारे आले आणि हौदापुढे बसले. झुंजाररावांचे कल्ले जेमतेम हलत होते. तेव्हां अंतोबांनी कोणास न विचारिता चकती फिरविली, एकदम नव्हे, एकेक खूण, मध्ये पाणी स्थिर होऊ देत, आणि उजाडता पारा सव्विसावर आला. हुजूरांनी हात घातला.

"कुणी फिरवली?"

"मी, सरकार. पाणी कढत नाही. आपला हात गार आहे."

दिवाणजींनी भिंतीकडे तोंड केले. हुजूरांनी हात बाहेर काढून न्याहाळिला.

"किती गार?"

"राणीसाहेबांचा होता, तितका."

मग हुजूरांनी बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात सोडिला आणि म्हणाले, "मग राहू दे इथेच." आणि झुंजारराव वाळूवरून उठले आणि सावकाश येऊन तळव्यात निजले.

तेव्हांपासून दरबार हौदाकाठी भरतो. हात ऊन असतो, हुजूर खुशीत असतात, क्वचित विनोदही करितात आणि सर्वांस हसावे लागते. मात्र पाणी बदलावयाचे दिवशी हीटर बंद करावा लागतो, कारण चालू नळी पाण्याबाहेर राहिली तर तडकते. तितका वेळ हुजूर बोलता बोलता शब्दाचे मध्यावर थांबतात, तोंड उघडे तसेच राहते, आणि दरबार माना खाली घालून उभा राहतो, आणि दिवाणजी सांगतात की सरकार विचारात आहेत. मग नवे पाणी भरते, तांबडा दिवा लागतो, आणि राहिलेला अर्धा शब्द पुरा होतो.

एवंच, लहान हौदास लहान हीटर घ्यावा, चकती हळू फिरवावी, आणि हाताचे न ऐकता थर्मामीटरचे ऐकावे. वीज गेली तर काय करावे हे अंतोबांस ठाऊक नाही. ते हल्ली निजत नाहीत. दिव्याकडे पाहत बसतात.