दौलत हवालदाराच्या न झालेल्या लढती

आमच्या जिनिंगच्या फाटकातून कापसाची गाडी आत न्यायची असेल तर गाडीवानाला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. कापूस कोणाचा, गाव कोणतं, हे मी आत बसून विचारत असे. ते मुनिमाचं काम. फाटकावर दौलत हवालदार काठी आडवी धरायचा आणि म्हणायचा, "थांब. बैलं धर. मिशीवाला अन् खाणवाला. दोघंबी अठ्ठावीस वर्साचे. कोण जिंकन?"

देवळीतले गाडीवान सरावलेले होते. ते लांबूनच "मिशीवाला! मिशीवाला!" असं ओरडत यायचे. पण हवालदार एवढ्यावर सोडत नसे.

"काऊन?"

इथे गाडी अडायची. कोणी म्हणे, मिशी आहे म्हणून. कोणी म्हणे, माझ्या सासऱ्याला मिशी आहे आणि त्याच्यापुढे कोणी टिकत नाही. कारण पटलं नाही तर हवालदार गाडी बाजूला घ्यायला लावी आणि मागच्याला विचारी.

एकदा समुद्रपूरकडचा एक म्हातारा पहिल्यांदाच आमच्याकडे कापूस घेऊन आला. त्यानं प्रश्न शांतपणे ऐकून घेतला.

"बापा, हा मिशीवाला तुमचा कोण लागते?"

"कोणी नाई."

"अन् खाणवाला?"

"तोबी नाई."

"मंग लढू द्या ना त्याहिले. मले काऊन मधात घेता? माह्यासाठी दोघंबी सारखेच."

हवालदारानं खाडकन टाच जुळवून त्याला सलाम ठोकला. "असाच माणूस पाहून राह्यलो होतो मी. उतर खाली. तू पंच."

आणि त्या म्हाताऱ्याला खरोखरच अर्धा तास पंच म्हणून स्टुलावर बसवलं. मागे वीस-बावीस गाड्या खोळंबल्या होत्या. मी आतून हाका मारत होतो. शेवटी म्हाताऱ्यानं निकाल दिला की दोघंही चांगल्या घरचे दिसतात, समजूत घालून घरी पाठवावं. हवालदार आठ दिवस त्याच्यावर चिडून होता.

दौलत हवालदार हा आमचा फाटकवाला. मूळचा देवळीचाच. लढाईच्या काळात पलटणीत गेला, समुद्रापलीकडे जाऊन आला, तिथे हातमोजे घालून ठोसेबाजी शिकला आणि पेन्शनीत निघून परत गावी आला. पलटणीत गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेली जुनी सचित्र मासिकं बराकीत यायची. इंग्रजी जाणणारा एक सोबती त्यांतल्या जगज्जेत्या ठोसेबाजांच्या हकिकती वाचून दाखवायचा. हवालदाराला त्यांची नावं काही जिभेवर बसली नाहीत. चेहरे मात्र पक्के बसले. म्हणून त्यानं आपली नावं ठेवली. फार जुना, उघड्या मुठींनी लढणारा तो मिशीवाला. कोळशाच्या खाणीतून आलेला तो खाणवाला. पेढीवर खर्डेघाशी सोडून आलेला आणि मार चुकवून चुकवून समोरच्याला दमवणारा तो कारकून. आणि हल्ली गाजत असलेला तो आताचा.

एक जन्मला तेव्हा दुसरा म्हातारा झालेला, तिसरा जन्मलाच नव्हता. भर उमेदीत ते एकमेकांसमोर येणं शक्यच नव्हतं. त्यांना समोर आणणं हे हवालदारानं अंगावर घेतलेलं काम होतं. त्याचे नियम कडक होते. दोघंही भर उमेदीतले घ्यायचे. लढत कोणाच्याही मुलखात नाही. ती देवळीच्या बाजाराच्या मैदानात, कारण तिथे दोघंही परके. आदल्या दिवशी जेवण सारखं.

"काय जेवतील ते आपल्याकडे?" मी एकदा विचारलं.

"जवारीची भाकर, वांग्याची भाजी. झणझणीत."

"अहो, गोरे लोक ते. पोट बिघडेल त्यांचं."

"बिघडू द्या ना. दोघांचंबी बिघडन. बराबरी."

दुपारच्या सुट्टीत आम्ही कडुनिंबाखाली डबे सोडायचो आणि तिथे लढत व्हायची. एका गड्याचा वकील तो, दुसऱ्याचा मी. एकेक राउंड बोलून लढायचा. मी म्हणायचो, खाणवाल्यानं डावा ठोसा मारला. तो भाकरीचा घास तसाच हातात ठेवून मान तिरकी करी. "नाई लागला. मिशीवाल्यानं मान अशी केली. आता तुमची बरगडी उघडी पडली, मुनीमजी." एक लढत तीन-तीन दिवस चाले. दिवाळीनंतर आवक वाढली की पंधरा दिवससुद्धा.

एकदा कारकुनाला बसलेला खालून वर जाणारा ठोसा दाखवताना हवालदाराचा हात मागे उभ्या असलेल्या शेठजींच्या टोपीला लागला आणि टोपी थेट सरकीच्या ढिगात गेली. शेठजी आम्हाला रागवायला आले होते. "ये क्या चल रहा है? उधर गाड़ियाँ खड़ी हैं!"

मी घाबरून सगळं सांगितलं. कारकून हरत आला आहे हेही सांगितलं.

"कारकून क्यों हारेगा?" शेठजी टोपी झटकत म्हणाले. "दिमागवाला आदमी है!" आणि बसलेच. त्या दिवशी जिन अर्धा तास उशिरा सुरू झालं. कारकून जिंकला. हवालदार पुढे कित्येक दिवस म्हणत होता, की ती लढत शेठजीच्या दबावानं गेली, ती धरायची नाही.

एक गोष्ट मात्र तो कोणालाही बोलू देत नसे. वजन. मी एकदा म्हणालो, मिशीवाला अंगानं भारी आहे, त्याचा ठोसा जड पडणार. हवालदाराचा चेहराच बदलला.

"वजनाचं नाव नाई काढाचं."

"अहो, पण वजनाशिवाय..."

"नाई म्हंजे नाई. वजन सोडून बोला."

आमच्या पाठीशी तालुक्यातला सगळ्यात मोठा काटा उभा होता, दिवसभर त्यावर गाड्याच्या गाड्या मोजल्या जात होत्या, आणि त्याच्या सावलीत बसून वजन हा शब्द उच्चारायला बंदी! शेठजींना हे मोठं विनोदी वाटे. ते सगळ्यांना सांगत. सगळे हसत. मीही हसत असे.

मला हसण्याचा काही अधिकार नव्हता. त्याचं कारण मला माहीत होतं. ते कारण मीच होतो.

लढाई सुरू व्हायच्या आधी देवळीत कुस्त्यांची मोठी दंगल भरायची. माझे थोरले भाऊ बापूदादा हे गावचे पहिलवान. जोडी लावायच्या टेबलावर नावं लिहायला मी बसलो होतो. अक्षर चांगलं म्हणून. वय वीस. दादांशी कोण लढणार, असा पुकारा झाला आणि गर्दीच्या कडेनं एक जवान पुढे आला. दौलत. महारवाड्यातला. नदीच्या वाळूत आपल्या लोकांत कुस्त्या खेळून त्यानं अंग कमावलं होतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो म्हणाला, "माहं नाव लिहा. बापू पहिलवानासंग."

माझ्यामागे उभ्या असलेल्या पंचांपैकी एकानं माझ्या कानात सांगितलं, वजन जमत नाही म्हण.

मी म्हटलं, "वजन जमत नाही."

त्या मैदानात वजनाचा काटा नव्हता. साधा तराजूसुद्धा नव्हता. दादा लंगोट लावून दहा हातांवर उभे होते, ते माझ्याकडे पाहत होते. तेही काही बोलले नाहीत. दौलत थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. नंतर पलटणीत गेला. तो तिकडे असतानाच दादा विषमज्वरानं वारले.

दोन वर्षं मी त्या माणसाबरोबर रोज दुपारी बसत होतो, मिशीवाल्यासाठी भांडत होतो, आणि ही एक गोष्ट माझ्या तोंडून निघत नव्हती. त्यानं मला ओळखलं की नाही, हेही कळत नव्हतं. आज सांगू म्हणायचो आणि कारकुनाची बाजू मांडायला लागायचो. एखाद्याचं नाव गाळायला एक क्षण पुरतो. ते कबूल करायला मला दोन कापसाचे हंगाम पुरले नाहीत.

मग छप्पन साली तो नागपूरला जाऊन बुद्धधर्माची दीक्षा घेऊन आला. परतल्यावर पहिल्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घालूनच फाटकावर उभा राहिला. कापसाचे तंतू बसून बसून संध्याकाळपर्यंत तो स्वतःच एखाद्या बोंडासारखा दिसायला लागला, आणि तरी कोणी हसलं नाही. त्या माणसानं एवढं मोठं पाऊल टाकलं आणि मला एक वाक्य बोलता येऊ नये, याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी डबा उघडण्याआधीच मी म्हणालो, "हवालदार, आज लढत मी ठरवतो. दौलत आणि बापू पहिलवान. दोघंही चोवीस वर्षांचे."

त्यानं सोडत आणलेला डबा खाली ठेवला.

"त्या दिवशी टेबलावर मी होतो," मी म्हणालो.

"माहीत हाये."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं. लिहिताना तुम्ही अजूनबी जीभ बाहेर काढता."

मी माफी मागायला लागलो, पण वाक्य जुळेना. त्यानं हातानंच थांबवलं. "लढत लावली ना? मंग लढा. तुम्ही दौलतकडून बोला. मी बापूकडून."

"उलट नको का?"

"आपली बाजू आपण नसते मांडाची."

लढत सुरू झाली आणि मला घाम फुटला. दौलत कसा खेळायचा याची मला काहीच माहिती नव्हती. हवालदाराला मात्र माझ्या भावाचं सगळं पाठ होतं. बापू सलामीआधी लंगोटाची गाठ दोनदा चाचपतो. दम लागला की नाक ओढतो. पट काढायच्या, म्हणजे समोरच्याचे पाय उचलायच्या आधी त्याचा उजवा खांदा इवलासा खाली येतो. यातलं निम्मं मी, सख्खा भाऊ, विसरलो होतो.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"मैदानाच्या बाहेर बाभूळ होती. त्याच्या साऱ्या कुस्त्या मी तिच्यावरून पाह्यल्या. काटे रुतत, पण पोरगा असा खेळे, का उतरा वाटे नाई."

मी दौलतला जिंकवायचं ठरवून बसलो होतो. रोज मी बापूला कशात तरी अडकवत होतो. ढाक मारली, कैची घातली, मानेवर बसलो. रोज हवालदार त्याला सोडवून घेत होता. इतक्या जिवानं तो मिशीवाल्यासाठीसुद्धा कधी लढला नव्हता. आठव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "हवालदार, पडू द्या आता त्याला."

"तुमचा सख्खा भाऊ हाये, मुनीमजी. एवढी घाई काऊन?"

"कारण तुम्ही जिंकायला पाहिजे होतं."

"कोणं सांगलं?" तो खरोखर चकित झाला. "मी पडलोबी असतो. मले काय माहीत? तेच तं पाहाचं होतं मले."

आम्ही डबे संपवले. जिनाची घरघर सुरू झाली तरी उठलो नाही. शेवटी, दोन वर्षांत मी जे एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दौलत कसा उभा राहायचा?"

हवालदारानं हात धुतले. काठी कडुनिंबाला टेकवली, चपला काढल्या आणि त्रेचाळीस वर्षांचा तो माणूस गुडघ्यात वाकून उभा राहिला. डावा पाय पुढे, पंजे उघडे, हनुवटी खाली. तो पवित्रा फार खाली झुकलेला होता, वाळूत शिकलेल्या माणसाचा. पट काढायला जागाच नव्हती. बापूदादांचा सगळ्यात मोठा डाव तिथे चालला नसता. त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं, आणि ते शोधणारे होते.

पुढे काय झालं असतं, ते पाहायला मीही आता पुढे सरकून बसलो होतो.