ओळखीतल्या एकीची मिरगी

मिरगी हा आजार स्वतःला कधीच होत नाही. तो नेहमी ओळखीतल्या कुणाला तरी होतो. वैद्यकशास्त्राला हे अजून मान्य नाही, पण लोहारा तालुक्यात सर्वमान्य आहे.

हे सत्य निदर्शनास येण्यापूर्वी डॉ. चैताली फार उत्साहात होती. ती सार्वजनिक आरोग्याची संशोधक. विषय, 'अपस्मार रुग्णांचे स्वव्यवस्थापन'. म्हणजे मिरगीच्या माणसानं आपली गोळी, झोप आणि धीर आपणच सांभाळायचा. पद्धत अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांसाठी बेतलेली. तिची पहिली पायरी अशी की, बैठकीत एका रुग्णानं उठून 'हा आजार मला आहे' म्हणायचं. मग बाकीचे आपोआप बोलू लागतात. स्पॅनिशमध्ये हे वाक्य सोपं असावं. पाण्यात झटका आला तर बुडू नये, म्हणून प्रश्नावलीत असलेला 'एकटे पोहता का?' हा प्रश्न चैतालीनं तसाच ठेवला. (विहिरी कोरड्या असल्यामुळे सगळ्यांचं वर्तन आदर्श ठरलं.)

तीन बैठका झाल्या. सतरंज्या कमी पडाव्यात इतकी माणसं आली. पैकी एकेचाळीस टक्के मेव्हणीसाठी, तेहतीस टक्के शेजाऱ्यासाठी आणि पंचवीस टक्के साडूच्या गावातल्या कुणासाठी तरी. उरलेला एक टक्का चहासाठी. (हे बब्रुवान. सभेत स्वतःसाठी आलेला एवढा एकच गृहस्थ.) मेव्हणीसाठी आलेल्या एकाच्या कपाळावर पडल्याची ताजी खोक होती. मेव्हणी पडली की खोक याला पडते, इतका त्या घरात जिव्हाळा.

प्रकल्पाचा नियम मात्र जिव्हाळा जाणत नव्हता. चौथ्या बैठकीपर्यंत एकही रुग्ण न आढळल्यास तालुका मिरगीमुक्त समजण्यात येणार होता, आणि मिरगीमुक्त तालुक्याला प्रकल्पाच्या फुकट गोळ्या कशाला, म्हणून त्या दुसरीकडे वळवण्यात येणार होत्या. यात तर्काची चूक काढायला जागाच नव्हती.

तसा एक रुग्ण चैतालीला ठाऊक होता. ती स्वतः. कॉलेजात असल्यापासून ती गोळी घ्यायची, तीही कॅल्शियमच्या डबीतून. "लोकायला सांग की खुशाल," आई म्हणायची, "पण आपलं कशाला काढायचं?" आईचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास लेकीपेक्षा जुना होता.

चौथ्या बैठकीत सारजाबाई उठल्या.

"आमच्या शेजारणीच्या सुनंचं इचारायचंय. दोन वर्सं झालं, झटका न्हाय. मंग गोळी सोडली तर चालंल का?"

"आपल्या मनानं नका सोडू!" चैताली ओरडलीच. "मी सोडली होती. आठवड्याच्या आत बसस्टँडवर पडले."

बब्रुवानचा कप अधांतरी थांबला.

"म्हंजी तुमच्या वळखीतलं कुनी," सारजाबाईंनी मायेनं वाट काढून दिली.

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नाही," चैताली म्हणाली. "मीच. मिरगी मला आहे."

तिला रडू आलं, आणि फार वर्षांनी हलकंही वाटलं.

सभेनं हे अत्यंत सभ्यपणे घेतलं. संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं, की डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत एकीला मिरगी आहे, पोरगी चांगल्या घरची आहे, कुठं बोलू नका.

नियमाप्रमाणे संशोधकाला रुग्ण म्हणून मोजता येत नाही. त्यामुळे रुग्णसंख्या शून्यच राहिली.

त्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या तरी सारजाबाई बसूनच होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी कनवटीला खोचलेली पुडी काढली.

"चार दिस झालं, तिनं सोडल्याली," त्या म्हणाल्या. "पानी हाय का?"

चैतालीनं तांब्या पुढं केला. सारजाबाईंनी शेजारणीच्या सुनेसाठी गोळी तोंडात टाकली आणि त्या वर घटाघटा पाणी प्यायल्या.

"तिला म्हणावं, रोज घ्यायची. चुकवायची नाही."

"सांगते की. माझं ऐकती ती."

त्याच आठवड्यात चैतालीनं अहवाल पाठवला. 'सदर तालुक्यात अपस्माराचा एकही रुग्ण नाही. तथापि ओळखीतल्या रुग्णांच्या वतीने गोळ्या गिळणारे परोपकारी नागरिक मोठ्या संख्येने आढळले. त्यांच्या परोपकारात खंड पडू नये, यासाठी पुरवठा चालू ठेवावा.' वरच्या साहेबांनी तो तत्काळ मंजूर केला. (त्यांच्याही एका साडूला आहे, असं कळतं.)

तुम्हीही हे इथवर वाचलंत ते दुसऱ्या कुणासाठी तरी, हे काय सांगायला हवं? त्यांना निरोप द्या. आणि त्यांची आजची गोळी राहिली असेल, तर त्यांच्या वतीनं तुम्हीच घेऊन टाका.