तोंड धुण्याआधीची पसंती

फुलाला बघायला मंडळी येणार म्हणून काशीआत्यानं दोन शेर तांदूळ दळले. एक शेर भाकरीला, एक शेर फुलाच्या तोंडाला.

"आत्ती, पुरं की! भूत दिसाय लागलीया मी."

"दिसू दे. भूत निदान गोरं असतंय. दोन स्थळं रंगापायी गेली, ह्ये तिसरं. निरोप काय आलाय? पोरगी गोरीच पायजे."

"मग पिठाचं पोतं न्या म्हणावं."

निरोप रामनगरच्या इंदुबाईंचा होता. त्यांचं घराणं गोरं होतं आणि ते गोरं आहे, हे त्या भेटेल त्याला सांगत. १९११ सालच्या चैत्रात लेकाला घेऊन गोव्यात कुलदेवीला जायचं आणि येताना कॅसलरॉकला उतरून मुलगी बघायची, असा त्यांचा बेत. घाट चढताना गाडीला एक इंजिन पुढं, एक मागं. उकडतंय म्हणून इंदुबाईंनी खिडकी उघडी ठेवायला लावली. मग बोगदे सुरू झाले आणि इंजिनांचा धूर आत शिरला. पहिल्या बोगद्यात मायलेक सावळे झाले, पाचव्यात काळे. पुढचे बोगदे नुसतेच जादा होते.

फुलाचा बाप लखू स्टेशनावर गोरी माणसं शोधत होता. एक सापडलं, पण तो साहेब निघाला. लखू घरी येऊन म्हणाला, "आली न्हाईत." ऐकताच फुलानं मागच्या दारी जाऊन खसाखसा तोंड धुतलं.

तेवढ्यात अंगणात दोन काळी माणसं उभी राहिली.

"कोळसेवाले व्हय? मागच्या दारानं या," काशीआत्या म्हणाली.

"कोळसेवाले? आमी मुलगी बघाय आलोय! ह्यो माझा वासू!"

आत्यानं वासूला खालवर न्याहाळलं आणि भावाला बाजूला घेतलं. "लई काळा हाय रं. आपली फुला ह्याच्याम्होरं चांदणी."

इंदुबाईंनी ते ऐकलं. "अवो, ही काजळी हाय! मूळचा गोरापान हाय त्यो!"

"समद्यांच्या आया असंच म्हणत्यात," आत्या समजुतीनं म्हणाली.

"पाणी द्या! आत्ता दावते!"

पाण्याच्या हंड्यापुढं फुला उभी होती. ती हलेना.

"पाणी मिळंल, मावशी. पर आदी ठरवा. आत्ता तुमी काळ्या, मी काळी, ह्ये बी काळे. काय बोलायचं त्ये असंच बोला."

"पोरी, हंडा सोड!"

"न्हाई सोडत. मोडलं तर मोडू दे. पिठात घोळून मी कुणाच्या घरी जायची न्हाई."

लखूनं कपाळाला हात लावला. तिसरं स्थळही गेलं. वासू मात्र हसला. काळ्या तोंडात दात तेवढे चमकले.

"मला मुलगी पसंत हाय."

"वाश्या!"

"आई, डोळ्यांत कोळसा गेलाय. हो म्हण लवकर."

कोळसा इंदुबाईंच्याही डोळ्यांत गेला होता. "बरं, हो," त्या म्हणाल्या.

फुलानं तांब्या भरून दिला. वासूनं तोंड धुतलं. आतून खरोखरच गोरापान मुलगा निघाला. इंदुबाईंनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं पाहिलं.

"आता मला बी इचारा की," फुला म्हणाली. तिनं वासूला उजेडात उभं केलं, मान इकडं वळवायला लावली, तिकडं वळवायला लावली.

"नाकी डोळी बरे हाईत. रंग तेवढा फिका. चारचौघांत उठून दिसंल. इच्यार करून कळवतो आमी."

इंदुबाईंना स्वतःचं तोंड धुवायची शुद्ध राहिली नाही. तशाच काळ्या हातांनी त्यांनी काशीआत्याचा हात धरला.

"अवो, रंगाचं काय घिऊन बसलाय? सोभाव बघा की माझ्या लेकराचा!"