आजीच्या माहेरचा पत्ता

कुवेतमध्ये अबू हलीफातल्या आमच्या इमारतीखाली किराण्याचं दुकान आहे. तिथे कुणी इटालियन माणूस दिसला की आमचे शेजारी पास्कलभाऊ हातातले टोमॅटो तसेच टाकतात, त्याचा दंड धरतात आणि चक्क मराठीत विचारतात, "गाव कुठलं?"

तो बिचारा घाबरतो. मग पास्कलभाऊ इंग्रजीत समजावतात की, आपण दोघं गाववाले आहोत!

आता हे गाववाले दिसायला तुमच्याआमच्यासारखेच सावळे. जन्म वसईचा, जेवण बोंबील-भाताचं. पास्ता म्हणजे त्यांच्या मते बिघडलेल्या शेवया. पण आजोबा खरंच इटलीचे हो! संगमरवर बसवायला मुंबईला आले, लग्नाला आजी मागून बोटीने आली, आणि दोघं वसईचेच झाले. हा नातूही इथल्या राई भागातल्या एका शोरूममध्ये संगमरवरच विकतो. "रक्त बोलतं, वहिनी, रक्त!" हे दिवसातून चारदा.

आजोबांचं गाव त्यांना लवकर सापडलं. आजीचं काही सापडेना. या वर्षी कुवेत सोडून कायमचं वसईला जायचं, त्याआधी ते शोधायचंच, असा हट्ट. इटलीतल्या गावोगावच्या कचेऱ्यांना ईमेल. सगळीकडून एकच उत्तर, या नावाची मुलगी आमच्याकडे जन्मलेली नाही.

एक दिवस सकाळीच फाइल घेऊन आले. मी मेथी निवडत होते.

"वहिनी, आणखी एक नकार. ही बाई आभाळातून पडली की काय?"

"नाव काय लिहिलंत?"

"रोझा तोरेल्ली."

"तोरेल्ली म्हणजे आजोबांचं ना?"

"मग? बाईचं नाव नवऱ्याचंच असणार!"

"अहो, पण जन्मली तेव्हा तिचं लग्न कुठे झालं होतं?"

पास्कलभाऊंनी आ वासला. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "पास्कल, चार वर्षं तू पाळण्यातल्या पोरीला मंगळसूत्र घालून शोधतोयस."

माहेरचं नाव त्याच फाइलीत होतं! चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीची नक्कल, त्यात वडिलांचं नाव, आडनावासकट. मेथी बाजूला सारून आम्ही तिथेच, जेवणाच्या टेबलावर, सगळ्या कचेऱ्यांना पुन्हा ईमेल धाडले.

पंधरा दिवसांनी आमची बेल थांबेचना. दार उघडते तर पास्कलभाऊ, एका पायात चप्पल, हातात फोन.

"सापडली! डोंगरातलं खेडं आहे, वहिनी! घराचा नंबरसुद्धा लिहिलाय! रक्त बोललं!"

मला गोल फिरवायचेच बाकी होते. यांना मात्र त्यांनी खरंच मिठी मारली, पेपरासकट.

मग खुर्चीवर बसले.

"मला तिनेच वाढवलं," म्हणाले. "मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्या बायका माहेरी जायच्या. आमची आजी कधी गेली नाही. एकदा विचारलं, तुझं माहेर कुठाय? लांब आहे रे, म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मीपण पुढे काही विचारलं नाही."

मी पाणी दिलं. ग्लास तसाच हातात धरून बसले.

"तिकीट काढतोय. तिच्या माहेरी आमच्यातलं कुणी पहिल्यांदाच चाललंय. वहिनी, काय न्यायचं असतं हो?"

माहेरी काही न्यायचं नसतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "लाडू न्या," आणि रवा भाजायला घेतला.