उरलेले त्रेपन्न सेकंद

लखनौच्या गोमती नगरातील एका व्यापारी संकुलात गाळा क्रमांक नऊ रिकामा झाला. उद्योजक परिचय समितीने तो पारदर्शक पद्धतीने देण्याचे ठरवले. जो अर्जदार आपल्या व्यवसायाचा परिचय एका मिनिटात, स्पष्ट आणि थोडक्यात करून देईल, त्याला गाळा मिळणार होता. थोडक्यात म्हणजे काय, हे समजावणारे परिपत्रक चौदा पानांचे होते.

सुनंदा मेश्राम यांना गाळा हवाच होता. त्या प्रेशर कुकर दुरुस्त करतात. अमीनाबादहून रबर आणि शिट्ट्या आणायच्या, घराच्या बाल्कनीत कुकर जोडायचा आणि शिट्टी होईपर्यंत गॅसवर ठेवून पाहायचा, हे त्यांचे काम. दिवसाला सरासरी चाळीस शिट्ट्या होत. महिनाअखेरपर्यंत एक तर शिट्ट्या बंद करा, नाही तर धंदा, असे सोसायटीने लेखी कळवले होते. दोन्ही एकच आहे, हे सोसायटीच्या लक्षात आले नव्हते.

सकाळच्या फेरीत सुनंदाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या.

"मैं सुनंदा मेश्राम. कुकर ठीक करती हूँ. सीटी, रबर, हँडल, सब. बिगड़े तो बुलाइए."

सात सेकंद झाले. त्या काय करतात, हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळले. त्यामुळे अस्वस्थता पसरली.

"बस?" अध्यक्ष गोपीनाथ श्रीवास्तव यांनी विचारले. "और?"

"और कुछ नहीं करती, सर."

"बहनजी, तिरपन सेकंड बचे हैं. इनका हम क्या करें?"

प्रश्न गंभीर होता. मंजूर वेळ वापराविना परत घेण्याची नियमांत तरतूद नव्हती. शिवाय परिचयानंतर शंका विचारण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती खास कानपूरहून आली होती आणि तिला एकही शंका उरली नव्हती. अध्यक्षांनी लखनवी सौजन्याने दुपारच्या फेरीत दुसरी संधी दिली.

घरी सुनंदाबाईंचे पती बाबूराव जेवायला थांबले होते. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षे टिपणे लिहिली. त्यांचे एकही टिपण शंका काढून परत आले नाही, कारण शंका काढण्यासाठी आधी ते समजावे लागले असते.

"अगं, तू डायरेक्ट कुकरवरच गेलीस?"

"अहो, कुकरच तर करते मी."

"करतेस ते ठीक आहे. सांगायचं कशाला?"

"मम्मी, कुकर बहुत लोकल लगता है, यार," मुलगी रुचिरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली.

बाबूरावांनी ताट बाजूला सारून मसुदा केला. "मान्यवरहो, आजच्या गतिमान युगात स्वयंपाकघर हे समाजाच्या ऊर्जेचे उगमस्थान आहे. या ऊर्जेचे सुरक्षित, शाश्वत आणि लोकाभिमुख संवर्धन व्हावे, घराघरांत औष्णिक सौहार्द नांदावे, या व्यापक उद्दिष्टाने आमचा उपक्रम गृहिणीला केंद्रस्थानी ठेवून, सर्व घटकांना सोबत घेऊन कार्यरत आहे."

रुचिराने त्याचे हिंदी केले. भाषांतरात अर्थाला धक्का लागला नाही. धक्का लागण्यासारखे त्यात काही नव्हते.

दुपारी सुनंदाबाईंनी कागद पाहून, सावकाश, एकोणसाठ सेकंद घेतले. टाळ्या झाल्या. उपसमितीने तीन शंका विचारल्या. तिन्हींना सुनंदाबाईंनी बाबूरावांनी शिकवल्याप्रमाणे "इस दिशा में प्रयास जारी है" हे उत्तर दिले. कानपूरकर समाधानाने परतले आणि गाळा मंजूर झाला.

आठवड्याने आदेश आला. समितीच्या वर्गवारीनुसार, ज्या परिचयात कोणतेही काम आढळत नाही तो व्यवसाय 'प्रबोधन' या गटात जातो. सुनंदाबाई अध्यक्षांकडे गेल्या.

"सर, वहाँ कुकर ठीक कर सकती हूँ न?"

"कुकर?" अध्यक्षांनी फाईल दोनदा चाळली. "आपके परिचय में तो कुकर कहीं नहीं है."

"सुबह बोला था ना, सर."

"सुबह वाला तो खारिज हुआ था. आप ही के सामने."

नोंदवलेल्या परिचयाबाहेरचे काम केल्यास गाळा परत घेतला जाईल, आणि गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो परिचय शब्दशः ऐकवावा, अशा दोन अटी होत्या. बाबूरावांनी आदेश वाचून भाषेचे कौतुक केले.

"गाळा मिळाला ना? मग?"

"तुम्ही बसा तिथे," सुनंदाबाई म्हणाल्या. पण गाळा अहस्तांतरणीय होता.

महिना संपला, तशी बाल्कनीतली शेगडी बंद झाली. आता सुनंदाबाई अकरा ते सहा गाळ्यात बसतात आणि येणाऱ्याला एकोणसाठ सेकंदांचा परिचय ऐकवतात. वीस दिवसांत एकशे बारा जण येऊन गेले. त्यांपैकी तिघांच्या हातात बिघडलेला कुकर होता. तिघांनीही शेवटपर्यंत ऐकून घेतले, "बहुत अच्छा काम कर रही हैं आप" असे म्हटले आणि कुकर घेऊन निघून गेले.

म्हणजे नेमके काय करता, असे एकशे बारांपैकी कोणीही विचारले नाही. विचारणाऱ्याला कळले नाही, हे चारचौघांत उघड झाले असते. तुमच्या ऑफिसातल्या गेल्या बैठकीत तुम्ही मान डोलावलीत, तीही याच कारणाने.