जुलाबाचं औषध

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. दौंडजवळचं माळरान. गवत गुडघ्याएवढं, झाड एकही नाही, आडोसा तर नाहीच. आणि नेमकं तिथंच पोटात गडगडायला लागलं तर? घाबरलात ना? मी घाबरत नसे! चाळीस वर्षं मास्तरकी केली. जुलाबावरचा माझा धडा अख्ख्या तळेगाव ढमढेऱ्यात प्रसिद्ध. “जुलाब म्हणजे माझ्या हातचा मळ!” असं मी वर्गात अभिमानानं सांगायचो. मागच्या बाकावरची पोरं का फिदीफिदी हसायची, ते मला निवृत्त झाल्यावर कळलं.

तर मागच्या हिवाळ्यात आळीतल्या नऊ मुलांना चिंकारा हरण दाखवायला मी माळावर नेलं. जीप आळीतल्याच महेंद्रची, चालवायलाही तोच. निघताना ‘शिळं का खाऊ नये’ यावर पंधरा मिनिटं बोललो. त्याआधी परवाच्या मटणाचा रस्सा वाया जाऊ नये म्हणून मी दोन वाट्या ओरपला होता. पण ते काही मुलांना सांगण्यासारखं नव्हतं.

माळावर पोचतो न पोचतो तोच पोटात ट्रॅक्टर सुरू झाला!

“इथंच बसा. चिंकारा कुठं आहे ते बघून येतो,” म्हणत मी पाण्याची बाटली घेऊन सुटलो. दुर्बीण मुलांकडेच राहिली. ही चूक!

“ए, तिकडं कायतरी हाललं!”

“बसलंय! पाठ पांढरी हाय!”

“गप रे, बुजंल त्ये!”

मी बुजलोच. चौथ्या फेरीनंतर मी थेट जीप गाठली.

“महेंद्र, घरी चल बाबा.”

“गुरुजी, शिटा नव्या हायेत,” त्यानं हात जोडले. “तुमचं थांबल्याबिगर जीप हलायची न्हाई.”

“मग त्या पलीकडच्या वस्तीवर जा आणि जुलाबाचं औषध आण!”

महेंद्र गेला आणि वाफाळता पेला घेऊन आला. सुंठीचा वास, वर तेलाचा तवंग. मुलं भोवती जमली. शिकवायची संधी मी सोडतोय होय! “बघा, औषधाला नाकं मुरडायची नाहीत,” म्हणालो आणि एका दमात पेला रिकामा केला.

दुपारी वस्तीवरच्या सोजराबाई स्वतः चौकशीला आल्या.

“झालं का मोकळं, गुरुजी?”

“मोकळं?”

“पोट तटलंय न्हवं तुमचं? चांगलं चार चमचे एरंडेल घातलं काढ्यात!”

“अहो मावशी, मला जुलाब होत होते!”

“मंग जुलाबाचं औषध कशापायी मागितलं? घेतलं की जुलाब हुतो, त्येच जुलाबाचं औषध!”

“खोकल्याचं औषध घेतलं की खोकला होतो का?”

“त्ये खोकल्याचं झालं. चाळीस वर्सं मास्तरकी केली म्हंत्यात, आन् एवढं ठावं न्हाई?”

मी बाटली उचलून पळालो. उत्तर द्यायला वेळ नव्हता. एरंडेल पोचलं होतं!

परतलो तेव्हा जीभ कोरडी, डोळ्यांपुढे अंधारी. गेलेलं पाणी भरून निघालं नाही तर मी माळावरच आडवा होणार, हे सगळ्यांत आधी पाचवीतल्या भाग्यश्रीनं ओळखलं. तिनं घरून उकळून आणलेल्या पाण्याची लिटरची बाटली काढली. सोजराबाईंनी धावत जाऊन साखर, मीठ आणि चहाचा चमचा आणला.

“सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ,” भाग्यश्री पुटपुटत होती. आणि प्रत्येक चमचा पट्टीनं सपाट करत होती!

“अगं, टाक मूठभर! जीव चाललाय माझा!”

“न्हाई गुरुजी. मीठ जास्त झालं तर बाधतं. तुमीच म्हणला व्हता.”

“बरं, आता तरी दे!”

“चव ऱ्हायली. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको, हे बी तुमीच शिकवलंय.” ती विचारात पडली. “पण मला रडूच येईना, गुरुजी. हसू येतंय.”

तेवढ्यात एरंडेलाची आणखी एक कळ आली आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाग्यश्री आनंदानं पुढे झाली. तिनं माझ्या गालावरचा थेंब बोटावर टिपून चाखला, मग चमचाभर साखरपाणी चाखलं, आणि सगळ्यांकडे वळून ओरडली,

“पाणी बराबर हाय! गुरुजीच जास्त खारट हायेत!”