जवायाला टोकू नये

कॉम्प्युटरचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. आणि का बसावं? पवनीत तीन महिन्यांचा कोर्स केलाय, ऑफिसात प्रिंटर अडला की साहेब मलाच हाक मारतात! म्हणून २००७ साली पहिल्या दिवाळीला एकोडीला सासुरवाडीत पोचलो आणि आठ दिवस आधीच माहेरी आलेली शुभांगी दारातच म्हणाली, "आपल्या लग्नाची डीव्हीडी लागूनच नाही राहिली!" तेव्हा मला अनारशांपेक्षा त्याचाच आनंद झाला.

"पाच मिनिटांचं काम!" मी चपला काढता काढता जाहीर केलं.

खरी घाई सासूबाईंना होती. आमच्याकडे अक्षता पडताना नवरीच्या आईनं लग्न बघायचं नसतं. मांडवात वाजंत्री कडाडत होती तेव्हा मंदाबाई आत देवाजवळ डोळे मिटून बसल्या होत्या. एकुलती एक लेक, अख्ख्या गावानं तिचं लग्न पाहिलं, आईनं तेवढं नाही! त्यात फोटोग्राफरनं डीव्हीडी द्यायला पाच महिने लावले. जवायाशी त्या थेट बोलत नसत. दाराआडून आवाज आला, "शुभांगी, जवाईबापूले म्हण, अक्षता पडतानाचं तेवढं दाखवा. बाकी नाही दिसलं तरी चालते."

कॉम्प्युटर मेहुण्याचा, भुपेंद्रचा. साकोलीत मोबाइलच्या दुकानात कामाला लागल्यावर त्यानं तो सेकंडहँड घेतला होता. मी डीव्हीडी घातली. घर्र, घर्र, घर्र... आणि पडद्यावर सूचना आली, डिस्क घाला.

"अरे, घातली ना!" मी पडद्यावर ओरडलो.

"भाऊजी, एक बोलू का?" भुपेंद्र पुढे सरकला.

"जवाईले टोकू नोको!" सासरे टिकाराम मामाजी गरजले. "ते करून राहिले ना!"

मी करतच होतो. डीव्हीडी रुमालानं पुसली, धोतरानं पुसली (मामाजींच्या), मग टूथपेस्ट लावून घासली. घरभर पुदिन्याचा वास सुटला. कॉम्प्युटर चार वेळा बंद करून चालू केला. घर्र! शेवटी शुभांगीच्या गाण्यांची एक सीडी घालून पाहिली, तर ती पहिल्या झटक्यात गायला लागली.

"म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत!" मी निदान केलं. "डीव्हीडीच मेली."

दाराआडून पदराचं टोक डोळ्यांकडे गेलेलं दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं.

मामाजींनी डीव्हीडी उचलली. "वाया कायले जाऊ द्याची? धानाच्या बांधीत लटकवतो. पोपटं लय बसून राहिले धानावर."

दुसऱ्या दिवशी जेवताना माझा घास अडला. सीडी गाते, डीव्हीडी घरघरते, असं का? ताट तसंच ठेवून उठलो, कॉम्प्युटरपुढे पालथा पडलो आणि डिस्कच्या ट्रेवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. त्यावर सीडी लिहिलं होतं. फक्त सीडी! त्या बिचाऱ्याला डीव्हीडी वाचताच येत नव्हती.

"डीव्हीडी जिवंत आहे!" मी ओरडलो.

भुपेंद्रनं शांतपणे कपाटातून एक खोकं काढलं. "हा डीव्हीडी ड्राइव्ह. सकाळीच दुकानातून मांगून आणला, भाऊजी."

"मंग बोलला काहून नाही?"

"बाबानं टोकू नोको म्हटलं ना!"

मी शेताकडे धावलो. दिवाळीचे नवे कपडे, मागे मामाजी, त्यांच्या मागे अर्धी एकोडी! दोरीवर आमचं लग्न गरगर फिरत होतं आणि एक पोपट शेजारीच बसून त्यात स्वतःचं तोंड न्याहाळत होता. घाबरायचं नावच नाही. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हात लांबवला आणि सरळ बांधीतल्या चिखलात बसलो. पण डीव्हीडी वर धरून ठेवली होती!

भुपेंद्रनं ड्राइव्ह बसवला. मंदाबाई पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन, पदर सावरून, पडद्यापुढे बसल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि पडद्यावर एक भलामोठा पंजा आला!

हळद लागलेला, अंगठीवाला. माझा.

मागून माझाच आवाज, "भाऊ, उजेडाकडं कॅमेरा धरू नोका! आसा धरा, आसा! मले मालूम आहे!"

पंजा हटला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाजी आढ्याकडे पाहू लागले. सासुरवाडीत अंगाला सुकलेला चिखल घेऊन बसलेल्या माणसाला याहून जास्त लाज वाटणं शक्य नाही.

"भुपेंद्र, मांगं घे," मंदाबाई म्हणाल्या. "आता थांबव. हे पाह्य, बोटाच्या फटीतून!"

आम्ही सगळे वाकलो. माझ्या दोन बोटांच्या मधून शुभांगी दिसत होती. मुंडावळ्या हलताहेत, तोंडावर हात, आणि हसून हसून वाकलेली.

"हसून राहिली वो!" मंदाबाईंनी पडद्यालाच हात लावला. "देवाजवळ बसल्या बसल्या मले वाटे, माही पोरगी रडत असन." मग माझ्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा थेट मला म्हणाल्या, "जवाईबापू, बरं झालं तुमी मंधात बोलले."

एकोडीत माझा मान अजून तसाच आहे. घरात कोणतंही यंत्र बिघडलं की मला आधी खुर्ची देतात, मग चहा देतात, आणि मी चहा पीत असताना मागच्या दारानं भुपेंद्रला बोलावतात.